उत्तरेला उघडणारी खोली

१२ मे, सोमवार

निखिलचा फोन, पुण्याहून. एरवी रविवारी येतो. सोमवारी आला म्हणजे काहीतरी हवं असणार, असं धरूनच उचलला. हवं नव्हतं, द्यायचं होतं. म्हणाला, आई, परड्यात एक खोली बसवूया. बांधायची नाही, बसवायची. कारखान्यात तयार होते, ट्रेलरवरून येते, क्रेन उचलून ठेवते. भिंतीत दुमडणारा पलंग, भिंतीतच दुमडणारं टेबल, मध्ये सरकता पडदा-दरवाजा. सकाळी ऑफिस, संध्याकाळी बैठक, रात्री झोपायची खोली.

विचारलं, सकाळचं ऑफिस कुणाचं? म्हणाला, माझं. महिन्यातले पंधरा दिवस निपाणीहून काम करीन. रसिकाही येईल.

एकतीस वर्षं बेळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. माणूस खरं बोलतोय की नाही, हे मला आवाजावरून कळतं. तो खरं बोलत होता. त्या क्षणापुरतं.

हो म्हटलं.

१८ मे, रविवार

कोल्हापूरचे चौगुले आले. खोल्या बनवायचा कारखाना त्यांचा. पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं, त्यातलं एकही चालेना. माझं दिलं. ते परत मागून घेतलं.

त्यांनी परडं मोजलं. जागा अवघड आहे म्हणाले. अवघड काही नाही. माझ्या घराचं तोंड दक्षिणेच्या गल्लीत, माझ्या जावेच्या घराचं उत्तरेच्या गल्लीत. दोन्ही घरं पाठीला पाठ, मध्ये परडं. निम्मं माझं, निम्मं तिचं. हद्दीवर शहाबादी फरशा उभ्या पुरलेल्या आहेत, गुडघ्याएवढ्या. विहीर बरोबर हद्दीवर, म्हणून तिथे भिंत घालता आली नाही. खोली माझ्या निम्म्यात, फरशांना अगदी चिकटून बसणार. तिचं दार दक्षिणेला, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारासमोर. आठ पावलं. नि.ला (निखिल म्हणजे यापुढे नि.) चहा गरम मिळेल.

कागदावर मी स्वतः काढून दिलं. दार कुठे, खिडकी कुठे, संडासाचा पाइप कुठे. चौगुले कागदाकडे बघत राहिले. “दार हिकडं?” म्हणाले. मी म्हटलं, हो, तिकडेच.

२ जून, सोमवार

पायाचे खड्डे खणायला दोन माणसं आली. सहा ठोकळे ओतायचे, जमिनीच्या वर अडीच फूट. विहिरीच्या बाजूला पाणी साठतं म्हणून एवढे उंच.

शेवंता दोन्ही घरची कामं करते, त्यामुळे दोन्ही घरच्या बातम्या तिच्या पदरात असतात. आज धुणं वाळत घालता घालता म्हणाली, “पद्माक्का इचारत हुत्या, खोली कुणाला म्हणून.”

मी म्हटलं, तिला सांग, विचारायचं असेल तर मला विचार.

शेवंता हसली. “सा वर्सं झाली की त्येला.”

खरं आहे. पद्मा (प.) माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा गेला त्याला पंधरा वर्षं झाली, माझा गेला त्याला सहा. तिची मुलगी हुबळीला, माझा मुलगा पुण्याला. दोन म्हाताऱ्या, एक विहीर. बोलणं बंद. सकाळी पंप माझा, संध्याकाळी तिचा. जिचं पाणी भरून झालं तिने विहिरीच्या कठड्यावर बादली पालथी घालायची, म्हणजे दुसरीने समजावं. हा नियम कुणी केला आठवत नाही. सहा वर्षांत एकदाही मोडला नाही. नात्यातली माणसं एवढी चोख वागत नाहीत.

२१ जून, शनिवार

ठोकळे झाले. खोलीशिवाय उभे. सहा आखूड खांब, वर काही नाही. स्वयंपाकघरातून बघितलं की कुणाचं तरी जेवणाचं टेबल कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं.

प.ची कपड्यांची दोरी ठोकळ्यांच्या आड येत होती. काल संध्याकाळपर्यंत होती, आज सकाळी तिने स्वतःच काढून पलीकडच्या जांभळीला बांधलेली. न सांगता. मला सांगायला लावलं नाही, एवढ्यासाठीच केलं असणार. मग मीच वाईट ठरते.

९ जुलै, बुधवार

खोली अजून कारखान्यात. चौगुले म्हणतात पॅनेल आले नाहीत, मग म्हणतात आले पण रंग वेगळा, मग क्रेन रिकामी नाही.

नि.शी बोलले. पंधरा दिवसांचे आता “लाँग वीकेंड” झालेत. ऑफिसने तीन दिवस येणं सक्तीचं केलंय. रसिकाला आता जमणं कठीण. मी म्हटलं, मग खोली कशाला? म्हणाला, आई, ती मल्टिपर्पज आहे गं.

मल्टिपर्पज. जिचा एकही उपयोग ठरलेला नाही अशा वस्तूला म्हणतात.

तरी चादरी काढून ठेवल्या. निळी त्याला आवडते.

२४ जुलै, गुरुवार

आली. आणि काय आली.

सकाळी आठला ट्रेलर कोगनोळीच्या नाक्यावर थांबला. ड्रायव्हरचा फोन, साहेब विचारतायत ही गाडी आहे का घर आहे. म्हटलं, साहेबांना द्या. मी कानडीत सांगितलं, ही खोली आहे, माझ्या परड्यात बसणार आहे, यात अजून कुणी राहत नाही. ते हसले, कागद बघितले, सोडलं. कानडी मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर शिकले, खानापूरच्या आणि धारवाडच्या मुलींकडून. मराठी बोललं की सिस्टर आग्नेस कान पिळायच्या, कानडी त्यांना कळत नव्हती.

अकराला क्रेन. गल्लीतली सगळी पोरं, सगळे म्हातारे. खोली हवेत उचलली. घराच्या माथ्यावरून गेली. खोली उडताना मी पहिल्यांदा बघितली. पांढरीशुभ्र, वर चार साखळ्या, खिडकीच्या काचेत ढग. मला कबूल करायला हरकत नाही, सुंदर दिसली. प. तिच्या मागच्या दारात उभी होती, पदर डोक्यावर, तोंड उघडं.

बसली ठोकळ्यांवर. बरोब्बर बसली, एक सूतही इकडेतिकडे नाही. साखळ्या सोडल्या. क्रेन गेली. मी माझ्या मागच्या दारातून बघते तर समोर खिडकी. मोठी, छान, दोन पल्ल्यांची खिडकी. दार नाही.

फिरून गेले. दार उत्तरेला. प.च्या मागच्या दाराच्या थेट समोर. जमिनीपासून अडीच फूट वर, आणि खाली तिची हद्द. पायरी ठेवायची तर तिच्या जमिनीत.

चौगुलेंच्या माणसांना विचारलं. त्यांना काही माहीत नाही. “ड्रॉइंगमध्ये असंच हाय, बाई.”

२५ जुलै, शुक्रवार

चौगुलेंना फोन. जे घडलं ते इथे जसंच्या तसं लिहून ठेवते, पुढे कुणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

त्यांनी मुद्दाम केलं. चुकून नाही. माझ्यावर उपकार म्हणून केलं.

“बाई, दक्षिणेला दार कोण ठेवतंय का? यमाची दिशा ती. आमच्या कारखान्यातनं आजपतूर एक बी खोली तशी गेली न्हाय. तुमी एकट्या ऱ्हाताय म्हणून मीच म्हटलं, उत्तरेला घेऊ. कुबेराची दिशा.”

मी म्हटलं, माझ्या राहत्या घराचं दार गेली पन्नास वर्षं दक्षिणेला आहे.

चौगुले हळू आवाजात म्हणाले, “आन् बघा की.”

बघा की. माझा नवरा गेला, मुलगा पुण्याला राहिला, हे सगळं दाराच्या दिशेमुळे. पन्नास वर्षांचा हिशेब एका वाक्यात मिटवला माणसाने.

विचारलं, मला न विचारता कसं केलं? म्हणाले, विचारलं की, तुमच्या मुलाला. नवीन ड्रॉइंग पाठवलं. ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

नि.ला फोन केला. त्याला आठवत होतं. मीटिंगमध्ये होता, बघितलं नव्हतं नीट. “आई, उत्तरेला काय आहे?”

उत्तरेला काय आहे. जिच्या मांडीवर बसून तू वरणभात खाल्लास, त्या काकूचं घर आहे. एवढंच बोलले. फोन ठेवला.

२७ जुलै, रविवार

खिडकीतून आत जाते. खाली स्टूल, आत एक पाट. बाहत्तराव्या वर्षी. पल्ले बाहेर उघडतात, देवाची कृपा.

आत छान आहे. रंगाचा वास. पलंग ओढला की खाली येतो, सोडला की भिंतीत जातो, कुरकुर नाही. टेबलही तसंच. सगळं दुमडून ठेवलं की खोलीत काहीच नसतं. चार भिंती, एक खिडकी, आणि कडी लावलेलं दार.

मग बाथरूम बघितली. कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. शॉवरखाली बसायला फळी. दाराचा उंबरा नाही आणि रुंदी मोजली, नेहमीपेक्षा हातभर जास्त. चाकाची खुर्ची जाईल एवढी.

नि. बेचाळीस वर्षांचा आहे. धडधाकट.

संध्याकाळी त्यालाच विचारलं. म्हणाला, “पुढचा विचार करून, आई. तिकडे जिना आहे, न्हाणीघरात पाय घसरतो. पुढेमागे तू या खोलीत राहिलीस तर घर भाड्याने देता येईल, सोबत होईल.”

म्हणजे खोली माझ्यासाठी आहे. निळी चादर परत कपाटात ठेवली.

५ ऑगस्ट, मंगळवार

शेवंता म्हणते, मी खिडकीत चढते तेव्हा प. काम थांबवून उभी राहते. “म्हनत्यात, अक्का पडल्या म्हंजे?”

मी म्हटलं, पडले तर तिच्या बाजूला पडणार नाही, एवढं सांग तिला.

शेवंता म्हणाली, “तुमीच सांगा की. मी काय टपालवाली हाय व्हय?”

पगार दोघींकडून घेते आणि निरोप न्यायला कुरकुर.

१६ ऑगस्ट, शनिवार

नि. आला होता. काल सकाळी आला, आज दुपारी गेला. एकटा. खोली बघून खूश. तोही खिडकीतून चढला, हसत हसत. लहानपणी प.च्या खिडकीतून असाच चढायचा, तिच्या डब्यातल्या शंकरपाळ्या चोरायला.

लॅपटॉप उघडून एक तास काम केलं. नेटवर्क उत्तम म्हणाला. मग उत्तरेचं दार उघडलं आणि उंबऱ्यावर पाय सोडून बसला, खाली अधांतरी. प. विहिरीवर होती. नि.ने हाक मारली, “काकू.”

मी माझ्या स्वयंपाकघरात. सगळं ऐकू येत होतं.

ती म्हणाली, “कवा आलास रं? वाळलास किती.” मग मुलीचं, मग नातवाचं. मग म्हणाली, जेवायला ये, पण सूर्य मावळायच्या आत, आमच्याकडं रात्रीचं न्हाय. जणू आमच्याकडं असतं, दोन्ही घरं जैनच.

तो उडी मारून तिच्या परड्यात उतरला आणि जेवून आला. माझी आमटी तशीच राहिली.

परत आल्यावर म्हणाला, आई, तुम्ही दोघी इतक्या जवळ राहता आणि… वाक्य पूर्ण केलं नाही. बरं केलं. मग म्हणाला, दार फिरवून घेऊ, मी चौगुलेंशी बोलतो. क्रेन पुन्हा येईल, खोली उचलून उलटी ठेवतील. पाइप तेवढा नव्याने टाकावा लागेल.

जाताना पाया पडला. गाडी वळली. खोलीत त्याचा चार्जर राहिला.

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी पंप सुरू करायला गेले. उत्तरेच्या दाराखाली दगड.

तिचा धुण्याचा दगड. काळा, मध्ये झिजून खोलगट झालेला, सासूबाईंच्या वेळचा. विहिरीजवळ रोवलेला होता. उपटून आणलाय. शेवंताला दरडावलं तेव्हा बोलली, काल दुपारी तिचा स्वतःचा नवरा पहार घेऊन आलेला. मी तेव्हा दवाखान्यात गेले होते, बीपी तपासायला.

बरोबर दाराच्या मधोमध. खाली खापऱ्यांचे तुकडे सारून सारखा केलेला. पायाने दाबून बघितला. हलत नाही.

कुणी सांगितलं होतं तिला?

२१ ऑगस्ट, गुरुवार

आजही खिडकीतून गेले. उपकार घ्यायचे तर आधी मागायचे असतात.

प. न्हाणीच्या फरशीवर उकिडवी बसून धुणं धूत होती. दगड माझ्या दाराखाली. तिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. उठताना विहिरीचा कठडा धरते, मग भिंत, मग स्वतःचा गुडघा.

२३ ऑगस्ट, शनिवार

स्टूलचा एक पाय सैल झालाय.

दगडावरून गेले. एकदाच. ती देवळात गेली होती तेव्हा.

दारातून आत गेल्यावर खोली वेगळीच दिसते. खिडकीतून गेलं की चोरासारखं वाटायचं. दारात उभं राहिलं तर समोर तिचं मागचं दार, दाराशी तिची चप्पल, तुळशीऐवजी तिने लावलेला तो गवती चहा. सगळं सहा वर्षं इथेच होतं. मी या बाजूने बघितलंच नव्हतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दशलक्षण सुरू, आमचं दहा दिवसांचं पर्व. आज पहिला दिवस, उत्तम क्षमा. देवळात पंडितजी बोलले, नेहमीचंच. क्रोध म्हणजे काय वगैरे. मी मागच्या रांगेत, प. खांबापलीकडे. तिचे दहाही दिवस एकासन आहे म्हणे, दिवसातून एकदाच जेवण. या वयात.

सुमनवन्सं भेटल्या. विचारलं, अजून बोलत नाही का गं तुम्ही? मी म्हटलं, क्षमावाणीला बघू. त्या म्हणाल्या, दरवर्षी हेच म्हणतेस.

हे कधीच कुठे लिहिलं नाही. आता लिहिते.

हे गेले त्या वर्षीची क्षमावाणी, पर्व संपल्यावर एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. घरात सातआठ माणसं. प. आली, हात जोडले, म्हणाली, “वर्सभरात काय चुकलं माकलं आसंल तर क्षमा करा, अक्का.” सगळेच म्हणतात तसं. त्याच्या आठ दिवस आधी मला कळलं होतं, ती कुणाशी तरी माझ्याबद्दल बोलली. मी म्हटलं, “कशाबद्दल? काय चुकलं आणि कितीदा, ते सांग. त्याशिवाय क्षमा कशाची द्यायची?”

हे मला फिलोमिनाने शिकवलं. होस्टेलवर माझ्या शेजारच्या खाटेवर असायची. शनिवारी तिचं कन्फेशन. म्हणायची, सगळ्याबद्दल सॉरी असं म्हटलेलं फादरना चालत नाही. पाप कुठलं आणि किती वेळा, दोन्ही सांगावं लागतं. तेरा वर्षांच्या मला ते फार पटलं होतं. आमच्याकडे सगळं एकदम माफ, मोघम. त्यांच्याकडे नीट, क्रमाने.

प. उभी राहिली. सगळे बघत होते. मी वाट बघत होते, हातात जणू रजिस्टर. ती हात जोडलेले तसेच ठेवून मागे वळली, मागच्या दाराने गेली.

ती सांगू शकत नव्हती. सांगितलं असतं तर मला सगळ्यांसमोर सांगितल्यासारखं झालं असतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी वाट बघत राहिले.

२ सप्टेंबर, मंगळवार

चौगुलेंचा फोन. ९ तारखेला मंगळवारी क्रेन रिकामी आहे, दहा वाजता. खोली फिरवून देतो, मजुरी माझी, पण एकदा पक्कं सांगा. “दक्षिणेलाच पायजे न्हवं, बाई? पुन्हा इचार करा.”

म्हटलं, कळवते.

नि.चा मेसेज: 👍

४ सप्टेंबर, गुरुवार

पुढचं लिहायचं टाळत होते. अजून कुणाला सगळं माहीत नाही, प.शिवाय.

ती माझ्याबद्दल काय बोलली होती? “चार तास घालवले.” एवढंच.

हे गेले त्या दिवशी दुपारी चारला म्हणाले, छातीत जळजळतंय. प. वाटी परत द्यायला आली होती. तिने यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “अक्का, ह्ये पित्त न्हाय. आत्ता न्या.” मी म्हटलं, तुला काय कळतं? सातवी शिकलेली बाई. जिरं-पाणी दिलं. पंखा लावला. ती दारात उभीच. पाचला पुन्हा म्हणाली. सहाला पुन्हा. मी म्हटलं, घरी जा गं, उगाच घाबरवू नकोस. आठला गाडी बोलावली. कोल्हापूरच्या वाटेवर, कागलच्या अलीकडेच…

चार तास. तिने मोजले होते, मीही मोजले होते. ती एकदा बोलली, मी कधीच नाही. एवढाच फरक.

आणि मी तिलाच विचारलं, काय चुकलं आणि कितीदा.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. देवळात गर्दी. प.चं एकासन उद्या सुटेल. चेहरा उतरलाय, पण चालते ताठ.

संध्याकाळी खोलीत बसले. पलंग ओढला नाही, टेबल ओढलं नाही. दार उघडं ठेवलं. तिने पंप लावला, पाणी भरलं, बादली पालथी घातली. एकदा माझ्याकडे बघितलं. मी दारात आहे हे बघून बादली सरळ केली, मग पुन्हा पालथी घातली. काय सुचवायचं होतं कोण जाणे. नियमात तसलं काही नाही.

खोलीत पाऊल वाजतं. खालून पोकळ आहे. एकटीने चाललं तरी कुणीतरी चालतंय असा आवाज होतो.

७ सप्टेंबर, रविवार

नि.चा फोन, रविवारचा, नेहमीसारखा. विचारलं, दिवाळीला येतोस? म्हणाला, रसिकाच्या आईकडे ठरलंय, पण बघतो. आवाजावरून कळतं.

म्हणाला, क्रेन मंगळवारची पक्की ना? एकदाचं ते दार तुझ्या बाजूला आलं की बरं. म्हटलं, तुला कशासाठी बरं? म्हणाला, तुला सोयीचं. मग म्हणाला, आई, तू बरी आहेस ना?

बरी आहे.

शेवंता सांगते, प.ने नवा दगड आणायचं काढलंय. म्हणजे हा परत नेणार नाही. दार फिरवलं तरी दगड तिथेच राहील, भिंतीखाली, कशालाही न लागणारा.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावाणी.

सकाळपासून फोन वाजतोय. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा, फुलांची चित्रं, हात जोडलेली चित्रं. सगळ्यांना सारखं उत्तर. मोघम.

चौगुलेंचाही आला. त्यांची बायको जैन आहे म्हणे, म्हणून दर वर्षी सगळ्या गिऱ्हाइकांना करतात. “काय चुकलं आसंल तर क्षमा करा, बाई.” मी विचारलं, कशाबद्दल? ताबडतोब म्हणाले, “दारापायी.” बघा. ज्याला सांगता येतं तो पटकन सांगतो. मग विचारलं, उद्याचं काय? क्रेनवाल्याला बारापर्यंत हो नाही कळवायचंय. म्हटलं, बाराच्या आत सांगते.

भिंतीतलं टेबल पहिल्यांदा ओढलं. त्यावर कागद घेतला. फिलोमिनाच्या पद्धतीने, नीट, क्रमाने.

काय: चार तास उशीर केला. कितीदा: एकदा.

काय: तू खरं बोललीस म्हणून तुझ्याशी बोलले नाही. कितीदा: रोज.

तिसरं सुचलं नाही. एवढं पुरे आहे. कागद चार घड्या करून कमरेला खोचला. सगळ्यांसमोर वाचायचा नाही. तिने तेव्हा माझ्यासाठी एवढं केलं होतं.

तिच्या मागच्या दाराला आतून कडी आहे. चप्पल दाराशी, म्हणजे घरात आहे. चुलीवर काहीतरी आहे, फोडणीचा वास येतोय. ती आज इकडे येणार नाही. एकदा आली होती.

पावणेअकरा. सकाळच्या सरीने दगड ओला आहे, मधला खळगा पाण्याने भरलाय. चप्पल घालून उतरले तर घसरेन. काढूनच उतरायला हवं.